अकरा नंबरची वही

आईच्या फोटोला हार घालून मी व्यासपीठावरून खाली उतरले, तेव्हा डॉ. मोहोळकर माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "नीरजाताई, अकरा नंबरची वही तुमच्या घरी असेल बघा."

दोन मिनिटांची शांतता नुकतीच संपली होती. लोक खुर्च्या सरकवत बसत होते. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"कसली वही?"

"मॅडमची. प्रयोगांची. निवृत्त होताना त्यांनी दहा वह्या संस्थेत जमा केल्या, अकरावी राहून गेली. घाई नाही काही. पण उद्घाटनाआधी मिळाली तर बरं. काचेच्या कपाटात सगळा संच मांडायचाय."

"कसलं उद्घाटन?"

ते हसले, हातानं 'सांगतो' अशी खूण केली आणि माइकपाशी गेले. मग त्यांनी जाहीर केलं, की संस्थेच्या नव्या इमारतीत माणसांवर मूळपेशींचे उपचार सुरू होणार आहेत आणि त्या केंद्राला डॉ. सुलभा कारखानीस यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे लोकांच्या जरा उशिरा लक्षात आलं. माझ्या शेजारी बसलेली कुंदामावशी डोळे पुसत होती. तीही टाळ्या वाजवत होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला जाऊन सव्वा महिना झाला होता. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती खाली बसली आणि उठलीच नाही. कुंदामावशी तिची धाकटी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती आईकडेच राहायची. मोहोळकर आईचे पहिले विद्यार्थी, आणि तेव्हा त्याच संस्थेचे संचालक.

आईनं बावीस वर्षं एकाच प्रश्नावर काम केलं. आपली प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढते. काहींची बिथरते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर तुटून पडते. अशा वेळी दुसऱ्याच्या हाडांच्या मज्जेतल्या मूळपेशी टोचल्या तर ती शांत होईल का? उंदरांमध्ये होते, असं आईनं दाखवलं. त्या एका शोधनिबंधानं तिचं नाव झालं. लेखकांत पहिलं नाव तिचं, दुसरं मोहोळकरांचं. निबंधाची छापील प्रत चौकटीत घालून आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेली होती. देवांच्या फोटोंसाठी आईनं भिंत दिली नव्हती. या निबंधाला दिली.

घरी आल्यावर मी वही शोधली. शोधायला लागलीच नाही. आईच्या टेबलावर, दोन शब्दकोशांच्या मधे, उभी ठेवलेली होती. कापडी बांधणीची, पाठीवर शाईनं '११'.

मी शास्त्रातली नाही. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय. आकृती सहानंतर एकदम आकृती आठ आली, की माझं बोट आपोआप थांबतं. वही देण्याआधी आईचं अक्षर एकदा डोळे भरून पाहावं म्हणून मी ती उघडली आणि अर्ध्या तासानं उठून भिंतीवरची चौकट खाली काढली.

"काय करतेस गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. ताडून बघतेय."

आईची एक पद्धत होती. लहानपणी तिनं मला ती प्राणीगृहात दाखवली होती. प्रत्येक उंदराच्या कानाला खाचा पाडून नंबर द्यायचा आणि तो नंबर दुसऱ्या उंदराला कधीही द्यायचा नाही. पहिला त्याच दिवशी मेला, तरी नाही. मेलेला प्राणी ती स्वतः उघडून बघायची आणि मगच बाहेर न्यायला परवानगी द्यायची. "मेला म्हणून तो प्रयोगातून जात नाही," असं म्हणायची.

छापील निबंधात पेशी टोचलेले उंदीर छत्तीस होते. त्यांतले तेहेतीस शेवटपर्यंत जगले. वहीत नंबर होते एकशे एकपासून एकशे एकोणपन्नासपर्यंत. मी तीनदा मोजले. एकोणपन्नास.

तेरा उंदीर छापून आलेच नव्हते.

वहीत मात्र ते तेराही होते. इंग्रजीत, तारखेसह, प्रत्येकाला एक ओळ. पाचव्या आठवड्यात मृत. फुप्फुसं घट्ट, करडी. पाचव्या आठवड्यात मृत. फुप्फुसात पू. त्याच खोलीत पेशी न टोचलेले पंचवीस उंदीर होते. त्यांच्यापुढे असं काही नव्हतं. समासात पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं: 'खोलीतल्या अस्वच्छतेमुळे, असं बैठकीत ठरलं. सबब वगळायचे. लोंढे यांना मेमो.'

मग वीसेक कोरी पानं. त्यानंतर दोन वर्षांनंतरची तारीख, आणि तोच प्रयोग पुन्हा. खाली पेन्सिल: 'नवी खोली. नवा माणूस. तरी सात गेले. पेशी न दिलेला एकही नाही. म्हणजे लोंढे नव्हेत. पेशींनी प्रतिकारशक्ती शांत होते, पण गरज पडली तरी ती उठत नाही. साधा जंतूही पुरतो.'

त्या नोंदीला दहा वर्षं झाली होती. त्यानंतर आई सहा वर्षं त्याच संस्थेत होती. सत्कार घेत होती. भिंतीवरची चौकट तिनं एकदाही खाली उतरवली नव्हती.

"मावशी, लोंढे कोण?"

मावशीला आठवायला वेळ लागला नाही. "प्राणीगृहातला. फार प्रामाणिक म्हणून सुलूताई कौतुक करायची त्याचं. मग काहीतरी हलगर्जीपणा केला आणि त्याला गेटवर पहाऱ्याला टाकला. का?"

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या गेटवर पत्ता विचारून मी मांजरी गावाला गेले. रघुनाथ लोंढे निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडखाली खाटेवर बसून ते लसूण सोलत होते. मी नाव सांगितलं, तेव्हा ते हातातला लसूण खाली ठेवून उभे राहिले.

"बाईंची लेक? बसा, बसा. मी सभेला येनार व्हतो. पन म्हटलं, गेटवरचा मानूस आत कशाला."

"काका, तुम्हाला मेमो मिळाला होता ना?"

त्यांचा चेहरा बदलला. "त्यासाठी आलाय व्हय? मला वाटलं, बाईंचं काय सांगाया आला."

"बाईंचंच आहे."

ते घरात गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आले. घड्यांवर फाटलेला. 'प्राणीगृहाच्या स्वच्छतेत अक्षम्य हयगय केल्याने तेरा प्राणी दगावले.' खाली तेव्हाच्या संचालकांची सही. शेजारी आईची.

"सतरा वर्षं उंदीर सांभाळले, ताई," लोंढे म्हणाले. "आमच्या हिला कळंना, मी घरच्या पोरांना जास्त जपतो का त्या पोरांना. सकाळी खोलीत पाय ठेवला का नाकानं कळायचं, कुठल्या पिंजऱ्यात आजारी हाय. आन् हे म्हनत्यात, घान केली. घान असती तर सगळेच मेले नसते का? त्याच मांडनीवर खालच्या फळीला पंचवीस व्हते. टुनटुनीत. मी तवाच म्हनलो."

"कुणाला म्हणालात?"

"मोहोळकर सायबांला. ते म्हनले, 'लोंढे, तुम्ही पिंजरे बघा, शास्त्र आम्ही बघतो.'"

"आणि आईला?"

त्यांनी पुन्हा लसूण हातात घेतला. "बाईंला काय सांगायचं? बाईंनीच शिकिवलं व्हतं, दोन फळ्या शेजारी का ठेवत्यात ते."

मी त्या कागदाचा फोटो काढून घेतला. निघताना ते म्हणाले, "माझं आता काय न्हाई. पन पोराच्या लग्नात व्याही इचारत व्हता, तुम्हाला आतल्या कामावरनं का काढलं म्हनून. त्येला काय सांगू, उंदीर मेले?"

शुक्रवारी सकाळी मोहोळकर घरी आले. आधी फोन केला होता. मावशीनं कपबशा चांगल्या काढल्या होत्या. त्यांनी आईच्या फोटोला हात जोडले आणि निमंत्रणपत्रिकेचा कच्चा नमुना माझ्यासमोर ठेवला.

"तुमचं काम मुद्रितं तपासण्याचं. म्हटलं, एक नजर टाका. मॅडमच्या नावात चूक नको."

पत्रिकेबरोबर रुग्णांसाठीची घडीपत्रिका होती. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, त्वचेचे विकार. 'नैसर्गिक पेशींनी, कोणत्याही दुष्परिणामांशिवाय.' मी त्या ओळीखाली नखानं रेघ ओढली.

"हे कशावरून?"

"मॅडमच्या कामावरून. जगन्मान्य काम आहे ते."

"किती रुग्ण आहेत?"

"नोंदणी बावीस झाली. पहिल्या पाच जणांना पुढच्या महिन्यात पेशी देऊ. एक मुलगी तर एकोणीस वर्षांची आहे. सांधे इतके आखडलेत, की वेणी घालता येत नाही. आईवडील हात जोडून उभे असतात हो." इथे त्यांचा आवाज खरोखर हलला. "तुम्हाला कल्पना नाही, नीरजाताई, लोक किती आशेनं येतात."

"त्या मुलीला तुम्ही तेरा उंदरांचं सांगितलंत?"

मावशी चहा ओतत होती. तिनं वर पाहिलं. मोहोळकरांनी पाहिलं नाही. त्यांनी पत्रिका उचलली, नीट घडी केली आणि परत ठेवली.

"म्हणजे वही तुम्ही वाचलीत."

"मोजली. मला मोजता येतं."

"ताई, रागावू नका, पण हे तुमचं क्षेत्र नाही. ते प्राणी संसर्गानं गेले. प्राणीगृहातल्या अस्वच्छतेमुळे. रीतसर चौकशी झालीय."

"दोन वर्षांनी पुन्हा सात गेले. तेव्हा लोंढे गेटवर होते."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग खुर्ची पुढे ओढून अगदी हळू, घरातल्या माणसाच्या स्वरात बोलायला लागले.

"हे बघा. मॅडम त्या सात उंदरांचं घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. लपवलं नाही त्यांनी. मी म्हटलं, मॅडम, छापून आलेलं मागे घ्यायचं असेल तर मी आत्ता तुमच्याबरोबर सही करतो. खरंच म्हटलं. त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पाच-दहा मिनिटं. मग म्हणाल्या, 'राहू दे, शिरीष.'"

"खोटं बोलताय."

"तुमच्या आईची शपथ घेऊ?"

मी मानेनंच नको म्हटलं. कारण ते खोटं बोलत नव्हते, हे मला कळलं होतं. वहीत सात उंदरांनंतर एकही नोंद नव्हती. आईनं एखादं पत्र लिहिलं असतं, भांडण केलं असतं, तर त्याची तारीख तिथे असती. ती सगळ्याची तारीख लिहायची.

"तेव्हा प्रश्न फक्त उंदरांचा होता," मी म्हणाले. "आता माणसं आहेत."

"माणसांना आम्ही प्रतिजैविकं देऊ, देखरेख ठेवू. उंदरांना कोण देतं? तुम्ही समजता तेवढं हे सरळ नाही. आणि दुसरं सांगू?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चौकटीच्या जागी फिकट चौकोन होता. "ही वही बाहेर गेली तर माझं फार काही होणार नाही. मी दुसरा लेखक. तेव्हा मी तिशीतला, मार्गदर्शक सांगेल ते करणारा. पहिलं नाव मॅडमचं आहे. मेमोवर सही मॅडमची आहे. लोक म्हणतील, कारखानीसबाईंनी आकडे लपवले, गरीब माणसावर ढकललं. त्या उत्तर द्यायला नाहीत. तुम्हाला हे करायचंय का? मुलीनं?"

"दे गं ती वही त्यांना," मावशी एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "सुलूताईनं आयुष्य घातलं त्यात. नवऱ्याच्या माघारी, तुला वाढवून. दीड महिना नाही झाला तिला जाऊन. कशाला उकरतेस?"

"मावशी, एकोणीस वर्षांची मुलगी आहे."

"तिला डॉक्टर बघतील! तू तुझ्या आईचं बघ!"

मोहोळकर उठले. दारात थांबून म्हणाले, "वही संस्थेची मालमत्ता आहे, हे कायद्यानं सांगावं लागलं तर मला वाईट वाटेल. सोमवारी माणूस पाठवतो."

"पाठवा," मी म्हणाले. "वही देईन. रीतसर. पोच घेऊन."

त्यांना बरं वाटलं. मावशीलाही.

शनिवारी आणि रविवारी मी वहीतल्या एकेका पानाचा फोटो काढला. पेन्सिलीचं अक्षर उमटत नव्हतं, म्हणून पानं खिडकीत उन्हाला तिरकी धरावी लागत होती. मी रागावले होते, पण तो राग कुणावरचा होता, ते मला सांगता आलं नसतं. मोहोळकरांवर होताच. हात जोडणाऱ्या आईवडिलांबद्दल बोलताना त्यांचा आवाज हलला होता, म्हणून जास्त. त्या बैठकीवर होता, जिथं तेरा मृत्यू 'ठरले'. पण एकेक पान उन्हाला धरताना जो वर येत होता, तो वेगळाच होता. मी अधूनमधून बाहेरच्या खोलीतल्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होते. मेलेल्या माणसाशी भांडायची कुठली पद्धत आपल्याकडे नाही.

सोमवारी वही गेली. पोच मिळाली. त्याच दुपारी मी सगळी पानं, लोंढ्यांचा मेमो आणि एक पत्र दोन ठिकाणी पाठवलं. एक, माणसांवरच्या उपचारांना परवानगी देणाऱ्या सरकारी समितीला. दुसरं, ज्या परदेशी मासिकात आईचा निबंध आला होता, त्याच्या संपादकांना. पत्र चार परिच्छेदांचं होतं. त्यातल्या एका वाक्यावर मी दोन तास घालवले. शेवटी सरळ लिहिलं: 'माझ्या आईला हे माहीत होतं.'

मावशी त्यानंतर दीड महिन्यानं नाशिकला, तिच्या पुतण्याकडे राहायला गेली. जाताना आईची साडी मागून घेतली. माझ्याशी ती पुन्हा नीट बोलली नाही. फोनवर तब्येत विचारायची, एवढंच.

केंद्राचं उद्घाटन झालं नाही. समितीनं जादा माहिती मागवली, संस्थेनं ती दिली नाही आणि प्रकरण थांबलं. बावीस रुग्णांना काय सांगण्यात आलं, मला ठाऊक नाही. वेणी घालता न येणाऱ्या त्या मुलीला बहुधा एवढंच सांगितलं असेल, की कुणा बाईच्या मुलीनं खोडा घातला. डॉ. मोहोळकर वर्षभरात दुसऱ्या शहरात, याहून मोठ्या संस्थेत, याहून मोठ्या पदावर गेले. तिथल्या त्यांच्या सत्काराची बातमी मी वाचली. प्रामाणिकपणा हा संशोधनाचा पाया आहे, असं ते म्हणाले होते.

मासिकानं चौदा महिने घेतले. मग निबंध मागे घेतल्याची सूचना छापली. चार ओळींची. ती मिळाली त्या रविवारी मी ती घेऊन मांजरीला गेले आणि लोंढेकाकांना मराठीत करून वाचून दाखवली.

"'पेशी दिलेल्या एकोणपन्नास प्राण्यांपैकी तेरांचे मृत्यू निबंधात नोंदवलेले नाहीत. प्राण्यांच्या निगेत दोष असल्याचा पुरावा आढळत नाही.'"

"थांबा," ते म्हणाले. "ती दुसरी वळ परत वाचा."

मी परत वाचली. त्यांनी मान हलवली. आतून काकूंना हाक मारली आणि मला तिसऱ्यांदा वाचायला लावली.

"म्होरं?"

"'दुसऱ्या लेखकाला हा निर्णय मान्य नाही. पहिल्या लेखिकेचं निधन झालं असल्यानं त्यांचं म्हणणं मिळू शकलं नाही.'"

लोंढेकाका हसले. "मिळालं न्हाई म्हंजे? वही कुनाची व्हती मग? जित्या व्हत्या तवा कुनी इचारलं न्हाई, आन् आता..."

"काका, जिवंत होती तेव्हा तिनं तरी कुठं सांगितलं?"

हे मी त्याआधी कुणापुढे बोलले नव्हते. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या.

लोंढेकाकांनी काकूंच्या हातून कप घेऊन माझ्यापुढे ठेवला.

"रिटायर झाल्या त्या दिवशी गाडी थांबिवली व्हती," ते म्हणाले. "गेटवर. मागं सगळी फुलंच फुलं. काच खाली केली. माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. मी पन खुर्चीवरनं उठलो. म्हनलं, आता बोलत्यात."

"काय म्हणाली?"

"'लोंढे, गेट नीट लावून घ्या,' म्हनाल्या."

"मग?"

"मग काय," लोंढेकाका म्हणाले. "लावलं."